गंधार कुठं ठेवायचा?

पेटी सुरात लावणाऱ्याच्या समोर सप्तकातल्या बारा पट्ट्या असतात, पण त्याचा विचार अडतो तो बहुतेक वेळा एकाच सुरापाशी, गंधारापाशी. षड्ज आणि पंचम यांचं जमायला वेळ लागत नाही. दोन्ही पट्ट्या दाबून धरल्या, भाता संथ ठेवला, की ते सूर एकमेकांत विरघळलेत की नाही हे नवख्या कानालाही कळतं. गंधार मात्र कुठंही ठेवला तरी कुणाची ना कुणाची तक्रार येतेच. कारखान्यातून आलेला गंधार तंबोऱ्यावर गाणाऱ्याला चढा लागतो. तो उतरवून दिला, तर तीच पेटी कीबोर्ड आणि गिटारच्या सोबतीला घेणारा म्हणतो, हिचा सूर पडलाय. या तक्रारी ऐकत काम करताना एक गोष्ट मला अधिकाधिक पटत गेली आहे. दोघंही खरं बोलतात, आणि दोघांची अडचण एकाच हिशेबातून निघते. कॉर्ड पाश्चात्त्यांची, श्रुती आपल्या, आणि या दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, असं आपल्याकडं सर्रास मानलं जातं. मला ते मान्य नाही. मेजर कॉर्डमधला मधला सूर आणि तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गंधार हे एकच आहेत. इतकंच नाही, कॉर्डच्या संगीताला ज्या जागी ठेच लागते, त्याच जागी नाट्यशास्त्रकार भरताच्या ग्रामरचनेलाही लागली होती.

आधी साधा हिशेब मांडतो. शाळेच्या पुस्तकांत असतो तसा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरू. मग पंचम ३६०चा आणि गंधार ३००चा. सा, ग, प हे तीन सूर एकदम वाजले की मेजर कॉर्ड होते, आणि २४०, ३००, ३६० यांचं प्रमाण ४:५:६ असं येतं. तिन्ही आकड्यांना ६०नं भाग जातो, म्हणजे हे तिन्ही सूर षड्जाच्या दोन सप्तकं खाली असलेल्या एकाच सुराचे चौथे, पाचवे आणि सहावे अंश, म्हणजे त्याच्या चौपट, पाचपट आणि सहापट कंपनांचे सूर आहेत. म्हणून ही कॉर्ड शुद्ध लागली की तीन सूर एका नादाचे भाग असल्यासारखे ऐकू येतात. मायनर कॉर्डची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं कोमल गंधार २८८चा, आणि सा-ग-प यांचं प्रमाण १०:१२:१५. या तिघांचं समान मूळ शोधायला गेलं तर ते २४ कंपनांवर, इतकं खाली जातं की कानाला त्याचा आधार लागत नाही. पण वरच्या बाजूला त्यांची गाठ पडते. षड्जाचा सहावा अंश, कोमल गंधाराचा पाचवा आणि पंचमाचा चौथा हे तिन्ही बरोबर १४४०वर येतात. मेजर कॉर्ड खाली मुळाशी एक होते आणि मायनर वर फांदीशी. मायनरचा मिलाफ खरा असूनही मेजरइतका भरीव का वाटत नाही, याचं एक कारण मला यातच दिसतं.

आता पेटीकडं येऊ. आजची पेटी समान अंतराच्या पट्टीत लावलेली असते. सप्तकाचे बारा सारखे भाग, प्रत्येक भाग १०० सेंटचा. त्या मापानं नैसर्गिक पंचम ७०२ सेंटवर पडतो, पेटीचा ७००वर. फरक दोन सेंटचा, म्हणजे जवळजवळ नाहीच. नैसर्गिक गंधार मात्र ३८६वर आहे आणि पेटीचा ४००वर. हे चौदा सेंट कानाला कसे भेटतात ते कामाच्या पाटावर समजतं. पेटीचा गंधार ३००ऐवजी ३०२.४च्या आसपास असतो. षड्जाचा पाचवा अंश १२००वर, या गंधाराचा चौथा अंश साधारण १२०९.५वर. हे दोन जवळचे अंश एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला साडेनऊ वेळा आवाज फुगतो-ओसरतो. शास्त्रात याला विस्पंद म्हणतात, ऐकणाऱ्याला ती थरथर वाटते. पंचमाशी हीच मोजणी केली तर सव्वा सेकंदाला जेमतेम एक डोल येतो, तो संथ डोल कुणाला खुपत नाही. ही थरथर घालवायची तर गंधाराची रीड काढायची, तिच्या मुळाशी कानस किंवा पातं हलकं फिरवायचं, म्हणजे ती तिथं लवचीक होऊन सूर उतरतो. मोकळ्या टोकाशी घासलं तर ती हलकी होऊन उलट चढेल. घासल्यानं पितळ तापतं, त्यामुळं रीड निवू द्यायची, परत बसवायची, षड्जासोबत धरून ऐकायचं. थरथर आधी भराभर असते, मग मोजता येईल इतकी सावकाश होते, मग एखादाच लांब उसासा उरतो, आणि एका क्षणी तोही थांबतो. तो क्षण मताचा किंवा परंपरेचा नसतो. तिथं ५:४ हे प्रमाण जुळलेलं असतं, आणि ते कानानंच सापडतं, आकडेमोड न करता. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६३च्या ग्रंथात सुसंवादाचं स्पष्टीकरण याच विस्पंदांवरून दिलं. पेटी लावणारा तेच रोज हातानं करतो.

हा शांत झालेला गंधार तंबोऱ्यात आधीपासूनच बसलेला असतो. खरजाची तार १२०ची धरली तर तिचे अंश २४०, ३६०, ४८०, ६०० असे चढत जातात. पाचवा अंश ६००, म्हणजे ३००च्या गंधाराचं वरचं सप्तक. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. घोडीची जवारी मोकळी असेल, सुताचा धागा नेमक्या जागी सरकवलेला असेल, तर खरज छेडल्यावर तो इतका स्पष्ट येतो की कुणी बाजूला बारीक आवाजात गातंय असं वाटावं. तंबोऱ्याच्या घोडीची ही करामत चंद्रशेखर व्यंकट रामन यांनाही अभ्यासावीशी वाटली होती, आणि तार जिथं छेडली तिथल्या हिशेबानं जे अंश यायलाच नकोत तेही या घोडीमुळं ऐकू येतात, हे त्यांनी १९२१ साली दाखवलं. मिरजेचे कारागीर जवारी काढताना ज्या गोष्टीसाठी तासन्‌तास घालवतात ती हीच आहे. आता पंचमाच्या तारेकडं कान द्या. तिचा तिसरा अंश रिषभाचा, पाचवा निषादाचा. म्हणजे सा आणि पमध्ये लावलेल्या तंबोऱ्यात सा-ग-प आणि प-नी-रे अशा दोन मेजर कॉर्ड सतत घुमत असतात. पंचमाऐवजी मध्यम लावला तर म-ध-सा ही तिसरी येते. आपल्या गायकीत कॉर्ड नाही हे म्हणणं रचनेच्या दृष्टीनं खरंच आहे. पण ज्या नादात ती गायकी बुडालेली असते त्या नादाची घडण कॉर्डचीच आहे.

या तीन कॉर्ड कुठल्याही गाण्याची साथ करणाऱ्याच्या हातात पहिल्या दिवसापासून असतात. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये स्वरलेखन आणि वाद्यं शिकून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतात जो वाद्यमेळ उभा केला, त्याचा पायाही याच तिघी. तिन्ही ४:५:६मध्ये मांडल्या तर आकडे असे येतात: सा-ग-प २४०, ३००, ३६०, म-ध-सा ३२०, ४००, ४८०, प-नी-रे ३६०, ४५०, ५४०. वरचा रिषभ ५४०, म्हणजे मधला २७०. बिलावलाचे सातही सूर तीन कॉर्डमधून उभे राहिले, एकही उसना घ्यावा लागला नाही. इथवर सगळं आखीव आहे. आता चौथी कॉर्ड घ्या, रे-म-ध. रे २७०, ध ४००. रिषभापासून धैवत पंचमाच्या अंतरावर, म्हणजे ३:२मध्ये, यायला हवा. पण २७०चा तिसरा अंश ८१०, ४००चा दुसरा अंश ८००. सेकंदाला दहा ठोके! समान अंतराच्या पेटीतला गंधार जितका थरथरतो त्याहून हे जास्त, आणि तेही पंचमाच्या नात्यात, जिथं कान एवढं खपवून घेत नाही. रिषभ २६६⅔ केला तर ही कॉर्ड गोड होते, पण मग प-नी-रे बिघडते, कारण तिला २७०च हवा. एकाच पट्टीवर दोन रिषभ बसत नाहीत. त्यांच्यातलं अंतर ८१:८०, साडेएकवीस सेंट.

ही अडचण युरोपीय स्वरमेळाची आहे, आपल्याला तिचं काय, असं कुणी म्हणेल. म्हणूनच भरताकडं जायला हवं. नाट्यशास्त्रातल्या षड्जग्रामात रिषभ तीन श्रुतींचा आहे, गंधार दोन, मध्यम आणि पंचम चार-चार श्रुतींचे. ज्या दोन सुरांत नऊ किंवा तेरा श्रुतींचं अंतर असेल ते एकमेकांचे संवादी. षड्ज-मध्यम नऊ, षड्ज-पंचम तेरा. रिषभापासून पंचमापर्यंत मोजा: दोन, चार आणि चार, म्हणजे दहा. एक श्रुती जास्त, म्हणून संवाद नाही. मध्यमग्रामात भरत पंचम एका श्रुतीनं उतरवतो, आणि रिषभ-पंचमाचं अंतर नऊ होऊन त्यांचा संवाद जुळतो. दोन सारख्या वीणा घेऊन एकीवर पंचम उतरवत नेण्याचा जो प्रयोग त्यानं सांगितला आहे, त्याची पहिली पायरी हीच, आणि या फरकालाच प्रमाणश्रुती म्हटलं आहे. भरतानं गुणोत्तरं दिलेली नाहीत, हे मी विसरत नाही. आकडे नंतरच्या अभ्यासकांनी बसवले. पण त्रिश्रुती रिषभ २६६⅔ आणि पंचम ३६० मानला, तर त्या दोघांत ४:३ जुळत नाही, आणि पंचम ८१:८०नं उतरवला की बरोबर जुळतो. रे-म-धमध्ये पेटीवाल्याला छळणारं अंतर आणि दोन ग्रामांना वेगळं करणारं अंतर एकाच मापाचं निघतं. कॉर्ड रचणाऱ्याला हे अंतर एकाच गाण्यात ओलांडावं लागतं. भरतानं त्यासाठी दोन ग्राम वेगळे ठेवले. प्रश्न एकच होता, उत्तरं दोन निघाली.

युरोपनं आपलं उत्तर सोपेपणानं मिळवलं नाही. सा, ध, रे, प आणि परत सा अशा क्रमानं कॉर्ड फिरवत, प्रत्येक वेळी मागचा समान सूर घट्ट धरून पुढची कॉर्ड शुद्ध लावत गेलं, तर एका फेरीत षड्ज ८१:८०नं खाली घसरतो. अशा फेऱ्यांमध्ये सूर सरकत जातो हे बेनेदेत्ती या इटालियन गणितज्ञानं १५८५ साली छापलेल्या आपल्या पत्रांत आकड्यांनिशी दाखवलं. आमच्या २४०च्या हिशेबात पहिल्या फेरीनंतर षड्ज २३७वर येतो, आणि पाच फेऱ्यांत जवळजवळ अर्धा सूर गेलेला असतो. गाणाऱ्यांचा मेळ हळूच सावरून घेऊ शकतो. ऑर्गनच्या नळ्या सावरू शकत नाहीत. म्हणून सोळाव्या-सतराव्या शतकातल्या ऑर्गनांवर पंचम थोडे थोडे आखडून गंधार शुद्ध ठेवण्याची रीत आली. तिच्यात रिषभ दोन रिषभांच्या बरोबर मधोमध बसतो. पण मोजक्या पट्ट्यांबाहेर गेलं की एक पंचम असा काही विव्हळायचा की त्याला लांडगा असं नाव पडलं. पुढं रचनाकारांना बाराही षड्ज मोकळे हवे झाले, तेव्हा गंधाराचा गोडवा थोडा थोडा सगळ्यांकडून काढून घेतला आणि समान अंतराची पट्टी स्थिरावली. तिला बेसूर म्हणून मोडीत काढणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी एक किंमत मोजली, आणि कशासाठी मोजतोय हे त्यांना ठाऊक होतं.

आपल्याकडं मात्र ती पट्टी पेटीबरोबर आयती आली, आणि किंमत कशासाठी मोजायची हा विचार मागून सुरू झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ होती. ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते काम पुढं नेलं, आणि श्रुतींची पेटी १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत चर्चेला आली. त्या पेटीवरून वाद झाले, एकमत झालं नाही. पुढं १९४० साली आकाशवाणीनं पेटीला मज्जाव केला, तो १९७१मध्ये सैल झाला. पेटीतून मींड निघत नाही आणि तिचे सूर आपल्या रागांना जुळत नाहीत, हे दोन आक्षेप त्यामागं होते. पहिल्याला उत्तर नाही, पट्टीच्या वाद्याचा तो स्वभावच आहे. दुसरा मात्र वाद्यावर ढकलणं चुकीचं होतं. रीड कुठलाही सूर देऊ शकते, तो कानस फिरवणाऱ्याच्या हातात असतो. ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी बनवून हे आपल्या काळातही दाखवून दिलं आहे. एकल वादन करणाऱ्यांपैकी काही जण नैसर्गिक सप्तकात लावलेली पेटी वापरतात, त्या पद्धतीला गंधार ट्यूनिंग म्हणतात. हे नावच सांगतं की सगळा प्रश्न कुठल्या सुराभोवती फिरतो.

या मांडणीवर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की कोट्यवधी लोक समान अंतराच्या कॉर्ड ऐकून सुखावतात, मग चौदा सेंटची एवढी चिंता कशाला? याचं उत्तर वाद्यागणिक बदलतं. पियानोचा सूर वाजल्याबरोबर विरू लागतो, त्यामुळं थरथर जाणवेपर्यंत तो ओसरलेला असतो. गिटारचंही तेच. द्रुत चालीत कॉर्ड अर्ध्या सेकंदात बदलते, कानाला मोजायला सवडच मिळत नाही. पेटीची रीड मात्र भाता चालेल तोवर एकसारखी वाजते, आणि तिच्या आवाजात वरचे अंश भरपूर असतात. विस्पंद ऐकू यायला याहून चांगली जागा नाही. म्हणून जी पट्टी पियानोवर खपते तीच पेटीवर, विलंबित ख्यालाच्या साथीत, खुपते. सवय कानाला बरंच काही सोसायला शिकवते हे खरं, पण सोसणं आणि आवडणं यांतला फरक शेजारी तंबोरा वाजू लागला की लगेच कळतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. मोठे गवई तरी कुठं गुणोत्तरात गातात? जयराजभॉय आणि स्टोन या संशोधकांनी १९६३ साली उत्तर हिंदुस्थानी कलावंतांच्या सुरांची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा एकाच सुराच्या जागा कलावंतागणिक आणि एकाच गायनातही बदलताना दिसल्या. म्हणजे ५:४चा आग्रह कागदावरचा ठरतो का? मला तसं वाटत नाही. सूर गळ्यातून जाताना कणांतून, आंदोलनातून, पुढच्या सुराच्या ओढीतून जातो, आणि त्या वाटेवर त्याची जागा हलणारच. दरबारीतला गंधार एका जागी उभा राहिला तर दरबारी उरणार नाही. गुणोत्तराला मी कुंपण मानत नाही, मी त्याला विसाव्याची जागा मानतो. गवई तंबोऱ्यावर शुद्ध गंधार लांब धरून थांबतो, तेव्हा त्याचा सूर तंबोऱ्याच्या गंधारात मिसळला तर तंबोरा भरून येतो, आणि बाजूला राहिला तर तेही लपत नाही. बाकी वेळ तो कुठंही फिरो, विसाव्याची जागा कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं. पेटीला फिरता येत नाही, ती विसाव्याच्या जागीच उभी असते. म्हणून तिच्या बाबतीत ती जागा चुकली तर सावरायला वाव नसतो.

तिसरा आक्षेप कारागिरीच्या अंगानं येतो: मग सगळ्या पेट्या नैसर्गिक सप्तकात का लावत नाही? कारण एका षड्जावर शुद्ध केलेली पेटी दुसऱ्या षड्जावर उघडी पडते. काळी एकला षड्ज धरून नीट लावलेली पेटी पांढरी चारच्या गायकासाठी घेतली, की जुने सूर नव्या नात्यांत शिरतात आणि कुठंतरी ते साडेएकवीस सेंट वर येतात. एकाच मैफलीत पुरुष गायक, मग गायिका, मग नाट्यपद असा क्रम असेल, तर समान अंतराची पेटी हा साथीदाराचा प्रामाणिक निर्णय आहे. कॉर्ड धरून सुगम गाण्याची साथ करणाऱ्याचंही तसंच, त्याच्या शेजारचा कीबोर्ड आणि गिटार त्याच पट्टीत आहेत. उलट, जो एकाच षड्जावर गातो, रोज त्याच पेटीसोबत रियाज करतो, त्यानं चढा गंधार सोसण्याचं काहीच कारण नाही. बारा षड्जांच्या सोयीसाठी मोजलेली किंमत एकच षड्ज वापरणाऱ्यानं का भरावी?

म्हणून पेटी समोर आली की कानस उचलण्याआधी विचारायचे प्रश्न दोनच: गाणार कोण, आणि कुठल्या षड्जावर. एकच षड्ज असेल तर गंधार, धैवत, निषाद त्या षड्जाच्या तंबोऱ्याला विचारून लावावेत. अनेक असतील तर समान अंतर ठेवावं आणि त्याबद्दल कुणाला दोष देऊ नये. रिषभाचं मात्र गाणाऱ्याशी बोलूनच ठरवावं. पंचमाशी त्याचा संवाद हवा असेल तर २७०, धैवताशी हवा असेल तर २६६⅔, आणि रागाची प्रकृती हेच ठरवेल. शिकणाऱ्यांना माझं कळकळीनं सांगणं आहे, की पेटीवर गळा बसवण्याआधी खरजाची तार एकटी छेडावी, पंचम-षड्ज सगळं थांबवून, आणि ती विरत असताना वरचा गंधार शोधावा. पहिल्या दिवशी सापडणार नाही, चार दिवसांनी सापडेल. एकदा सापडला की मगच पेटीचा गंधार दाबावा आणि दोघांमधलं अंतर ऐकावं. भरताच्या दोन वीणा, बेनेदेत्तीची पत्रं, देवलांची खटपट आणि आजच्या कीबोर्डची कॉर्ड, सगळ्यांचा प्रश्न अशाच बारीक अंतरांच्या आसपासच आहे. तो आधी कानानं ऐकावा. तारेचा आवाज अजून विरलेला नसतो, तोवर उत्तर ज्याचं त्याला मिळतं.